तो डोळा नव्हता

"जगातला सगळ्यात विषारी कोळी हाच, पण त्याचे दात इतके लहान की माणसाच्या कातडीत शिरत नाहीत, म्हणून आपण वाचलोय." हे वाक्य तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये नक्की ऐकलं असणार. इंग्रजीत या प्राण्याला 'डॅडी लाँगलेग्ज' म्हणतात. गंमत अशी की याच नावाखाली तीन वेगवेगळे प्राणी नांदतात. एक लांब पायांची माशी, दुसरा घराच्या कोपऱ्यात विरळ जाळं करून उलटा लटकणारा कोळी आणि तिसरा हार्वेस्टमन. आपल्याला या तिसऱ्याशी कर्तव्य आहे. याच्याकडे विषग्रंथीच नाहीत. दातांतून टोचायला विष नाही, विणायला रेशीम नाही, आणि मुळात हा कोळीही नाही. कोळ्याचं शरीर दोन भागांचं असतं, मध्ये बारीक कंबर. हार्वेस्टमन म्हणजे सलग एक वाटाणा, त्याला आठ पाय, आणि पाठीवर मधोमध एका उंचवट्यावर बसवलेले दोन डोळे. याच्या साडेसहा हजारांहून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

सह्याद्रीतही हे प्राणी आहेत. आपल्याकडचे लांबपाये बरेचसे ज्या कुळातले आहेत त्याच कुळातले अमेरिकन भाऊबंद पुढे या गोष्टीत येतील.

तर विषारी असल्याची ती अफवा खोटी. पण ती अफवा चुकीच्या टोकाला शोधत होती, असंही म्हणता येईल. हार्वेस्टमनकडे रसायनांचा मोठा साठा असतो, फक्त तो तोंडात नसतो. शरीराच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना, दुसऱ्या पायांच्या आसपास एकेक बारीक भोक असतं. त्याच्या आत एक पिशवी. त्रास दिला की तिथून थेंब बाहेर येतो. या दोन भोकांकडे माणसांनी गेली दोनशे वर्षं काय काय म्हणून पाहिलं, तो हा इतिहास आहे. आणि त्या पिशव्यांमधला माल कोट्यवधी वर्षांत कसा बदलत गेला, तो त्याहून मोठा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या शरीररचनातज्ज्ञांना ही भोकं दिसली आणि त्यांना वाटलं, हे डोळे आहेत. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. कोळ्यांना सहसा आठ डोळे असतात, विंचवालाही मधले आणि बाजूचे असे वेगवेगळे डोळे असतात. मग हार्वेस्टमनलाच दोन का असावेत? बाजूला, नेमक्या अपेक्षित ठिकाणी, काहीतरी गोल चमकतंय. डोळाच असणार. शिवाय हे सगळं बघितलं जात होतं ते बहुतेक वेळा मेलेल्या नमुन्यावर, आणि अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलेल्या प्राण्याला स्वतःचा वास उरत नाही.

1867 साली क्रोन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने एका लेखात लिहिलं की हार्वेस्टमनच्या शरीरात पुढच्या बाजूला दोन ग्रंथींच्या पिशव्या आहेत. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न निकालात निघायला हवा होता. पण पुढच्याच वर्षी, 1868 मध्ये, गुस्ताव योझेफ याने आजच्या स्लोव्हेनियातल्या एका गुहेतून जेमतेम दोनेक मिलिमीटरचा, एखाद्या गोचिडीसारखा दिसणारा प्राणी शोधून काढला. त्याच्या पाठीवर दोन्ही कडांना दोन छोटे शंकू होते. योझेफने त्यांना डोळ्यांचे उंचवटे समजून प्राण्याचं नाव ठेवलं सायफोफ्थॅल्मस. ग्रीकमधून अर्थ काढला तर 'कुबडावर डोळे असलेला'. ते शंकू म्हणजे गंधग्रंथींची तोंडं होती. 1879 मध्ये फ्रेंच तज्ज्ञ यूजीन सिमों याने या सगळ्या गटालाच सायफोफ्थॅल्मी हे नाव दिलं. आज हार्वेस्टमनच्या चार उपगणांपैकी एक याच नावाने ओळखला जातो, आणि त्यातल्या बहुतेक जातींना डोळे नाहीत.

आमच्या धंद्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. कोडमध्ये कुणीतरी घाईघाईत 'टेम्प' नावाचं व्हेरिएबल बनवतो. ते दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहतं, आणि त्यात तोवर कंपनीचा अर्धा धंदा साठवलेला असतो. नाव बदलायला कुणी धजत नाही, कारण सगळीकडे त्याचेच संदर्भ आहेत.

पण ज्यांनी हा प्राणी जिवंत हाताळला होता त्यांना असा घोळ कधी झालाच नाही. ब्राझीलमध्ये हार्वेस्टमनला 'नासका वास मारणारा कोळी' आणि 'बोकड कोळी' अशा अर्थाची लोकनावं आहेत. बोकडाच्या वासाला जो शब्द तोच थेट या प्राण्यालाही लावला जातो. त्या जंगलात राहणाऱ्या माणसाला ते भोक दिसलं नसेल, पण त्यातून काय येतं हे त्याच्या नाकाला पक्कं ठाऊक होतं. युरोपातली नावं मात्र पायांवर अडकलेली. जर्मन त्याला विणकराचा गडी म्हणतात. लिनेअसने 1758 मध्ये युरोपातल्या सर्वसाधारण जातीला दिलेल्या नावातला 'ओपिलिओ' म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. उंच काठ्यांवर चालत कळपावर नजर ठेवणारे मेंढपाळ युरोपात होते, त्यावरून हे सुचलं असं सांगतात. जपानी नावाचा अर्थ आंधळ्या मालिशवाल्याचा किडा, कारण हा प्राणी दुसऱ्या जोडीचे लांब पाय काठीसारखे पुढे चाचपत चालतो. मला यातलं जपानी नाव सगळ्यात आवडतं. पण वासाची दखल घेतली ती दक्षिण अमेरिकेनेच, आणि रसायनाची गोष्टही तिथूनच सुरू झाली यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ. तिथे क्लेमेंते एस्ताब्ले नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. मूळचे शाळामास्तर. शिष्यवृत्ती मिळवून माद्रिदला गेले आणि थेट सांतियागो रामोन इ काहालच्या हाताखाली शिकून आले. काहाल म्हणजे मेंदूतल्या पेशींची रेखाटनं करणारे नोबेलविजेते. परत येऊन एस्ताब्ले यांनी एका लहान देशात, तुटपुंज्या साधनांवर जीवशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने चालते.

त्यांच्या संस्थेत उरुग्वेमध्ये दगडांखाली सर्रास सापडणाऱ्या एका हार्वेस्टमनच्या पिवळसर स्रावावर काम सुरू झालं. तो काळ लक्षात घ्या. पेनिसिलिन नुकतंच युद्धातून बाहेर आलं होतं, स्ट्रेप्टोमायसिनने क्षयावर उतारा मिळाला होता. मातीत, बुरशीत, जिथे मिळेल तिथे जगभर प्रतिजैविकं शोधली जात होती. मोंतेव्हिदेओच्या प्रयोगशाळेत दिसलं की या स्रावाने जिवाणू मरतात. या पदार्थाला त्यांनी प्राण्याच्या कुळावरून 'गोनिलेप्टिडिन' असं नाव दिलं. ज्या दोन भोकांना युरोपने डोळे म्हटलं होतं, त्यांच्याकडे उरुग्वे आता औषधाची बाटली म्हणून पाहत होतं.

पण पदार्थात नेमकं काय आहे, हे ठरवायला रसायनतज्ज्ञ हवा होता. तो मिळाला हार्वर्डमध्ये, आणि तो होता लुईस फीझर. क्विनोन या रसायनांच्या घराण्यात त्या काळी फीझरइतका मुरलेला माणूस विरळा. 1939 मध्ये त्याने जीवनसत्त्व 'के' प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, तेही क्विनोनच. युद्धकाळात मलेरियावर औषध म्हणून त्याने क्विनोनची छाननी केली. आणि याच माणसाने 1942 मध्ये नापाम बनवलं, ज्याची पहिली चाचणी हार्वर्डच्याच मैदानावर झाली. माणसांना भाजून काढणारं जेल आणि रक्त गोठवायला मदत करणारं जीवनसत्त्व, दोन्ही एकाच टेबलावरचं. मी यावरून काही तात्पर्य काढत नाही, पण ही माहिती गाळून फीझरबद्दल लिहिणं मला जमलं नाही.

1955 मध्ये एस्ताब्ले, मारिया इसाबेल आर्दाओ, नेली ब्रासिल आणि फीझर यांच्या नावाने पहिला निबंध आला. 1956 मध्ये फीझर आणि आर्दाओ यांनी पदार्थाची उकल केली. गोनिलेप्टिडिन हा एकच पदार्थ नव्हता, ते तीन बेंझोक्विनोनचं मिश्रण होतं. तिन्हींचा सांगाडा एकच, सहा कार्बनचं कडं आणि समोरासमोर दोन ऑक्सिजन. फरक एवढाच की कड्याला मिथिल गट किती आणि कुठे चिकटलेत.

क्विनोन म्हणजे काय याचा अंदाज तुम्हाला आहे, फक्त तुम्ही त्याला त्या नावाने ओळखत नाही. मेंदी रंगते ती लॉसोन नावाच्या रेणूमुळे, आणि लॉसोन हा नॅफ्थोक्विनोन आहे, म्हणजे याच घराण्यातला चुलत भाऊ. मेंदीचा रंग धुतला तरी जात नाही, कारण तो रेणू कातडीतल्या प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडला जातो. कातडी झडेल तेव्हाच रंग जाणार. बेंझोक्विनोन हेच काम जास्त आक्रमकपणे करतात. दुसरं उदाहरण पावसाळ्यातलं. अंगणात तो गुंडाळी करून बसणारा पैसा, काही भागांत ज्याला वाणी म्हणतात, तो हातात धरला की बोटं पिवळी-तपकिरी होतात आणि एक झोंबणारा वास येतो. अशा बऱ्याच पैशांच्या अंगातून बेंझोक्विनोन पाझरतात. पैशाच्या एका युरोपीय जातीत क्विनोन असल्याचं 1900 सालीच फ्रान्समध्ये दाखवलं गेलं होतं. आता प्रथिनांना असं चिकटणारं रसायन मुंगीच्या मिशांवर किंवा बेडकाच्या जिभेवर पडलं तर काय होईल, याचा अंदाज करायला अवघड नाही.

आणि गोनिलेप्टिडिन औषध का झालं नाही, तेही यातच आहे. जो रेणू समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो, त्याला जिवाणूची पेशी कुठली आणि रोग्याची कुठली हा भेद कळत नाही. प्रतिजैविकाची खरी किंमत त्याच्या निवडकपणात असते. त्या तीन रेणूंकडे मारण्याची ताकद होती, निवड नव्हती. औषध म्हणून तो रस्ता बंद झाला. मला मात्र या कामाची किंमत त्यामुळे कमी झाली असं वाटत नाही. हार्वेस्टमनच्या स्रावाचं रासायनिक सूत्र कागदावर आलं ते उरुग्वेच्या दगडाखालच्या प्राण्यामुळे, मोंतेव्हिदेओच्या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या कामामुळे. आजही अशा गोष्टी सांगताना हार्वर्डचं नाव आधी येतं. या लेखातही माझा एक अख्खा परिच्छेद फीझरवर गेला आणि आर्दाओंवर एक वाक्य, हे माझ्या लक्षात आलंय. तेव्हा हेही सांगून टाकतो की मारिया इसाबेल आर्दाओ तिथेच थांबल्या नाहीत. दहा वर्षांनी, 1966 मध्ये, 'नेचर'मध्ये ब्लॅक विडो कोळ्याच्या विषावर जो लेख आला त्याच्या पहिल्या लेखिका त्याच होत्या.

आता त्याच शहरातला एक मुलगा. थॉमस आयस्नर, जन्म 1929, बर्लिन. कुटुंब ज्यू. हिटलर आल्यावर आधी स्पेन, मग फ्रान्स, मग अटलांटिक ओलांडून उरुग्वे. मुलगा तिथे किडे गोळा करत वाढला. वडील हान्स रसायनतज्ज्ञ, फ्रिट्झ हाबर यांच्यासोबत काम केलेले, आणि घरी हौसेने अत्तरं आणि क्रीम बनवणारे. आयस्नर पुढे सांगत असे की त्याचं नाक तिथे तयार झालं. मला वाटतं या सगळ्या कथेत हीच कमी पडत होती, डोळ्यांआधी नाक वापरणारा शास्त्रज्ञ. 1947 मध्ये तो अमेरिकेला गेला, 1957 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लागला, आणि तिथल्या जेरॉल्ड माइनवाल्ड या रसायनतज्ज्ञाबरोबर त्याची अशी जोडी जमली की किड्यांच्या रासायनिक संरक्षणाचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखा होऊन बसली. बॉम्बार्डियर भुंगा शरीराच्या टोकातून उकळत्या पाण्याइतका गरम क्विनोनचा फवारा मारतो, हे मोजून दाखवणाऱ्यांत आयस्नर होता.

1971 मध्ये आयस्नर आणि सहकाऱ्यांनी एका अमेरिकन हार्वेस्टमनबद्दल जे लिहिलं, ते मी वाचलं तेव्हा मला दोनदा वाचावं लागलं. त्रास दिला की हा प्राणी आधी तोंडातून आतड्यातलं पाणी ओकतो. त्यात ग्रंथीतला क्विनोन मिसळतो. मग पुढच्या पायाचं टोक त्या मिश्रणात बुडवतो आणि हल्लेखोराच्या अंगावर फिरवतो. रंगाऱ्यासारखा. डबा उघडायचा, पाणी घालून पातळ करायचं, ब्रश बुडवायचा, हात मारायचा.

हे पाणी घालणं मला फार शहाणपणाचं वाटतं. क्विनोन बनवायला खर्च येतो, आणि साठवायला त्याहून जास्त, कारण तो स्वतःलाही जाळेल. म्हणून पिशवीला आतून बाहेरच्या कवचासारखंच अस्तर असतं. पिशवी भरून भरून किती भरणार? तेव्हा थोडासा दाट माल बाहेर काढायचा आणि फुकटच्या पाण्यात पसरवायचा. हा उद्योग एकट्या त्या जातीचा नाही. उरुग्वेच्या त्या जुन्या प्राण्याकडे आयस्नर म्हातारपणी परत गेला. 2004 मध्ये मोंतेव्हिदेओच्या कार्मेन रोसिनी आणि आंद्रेस गोन्सालेस यांच्याबरोबर त्याने निबंध लिहिला. तोवर त्या प्राण्याचं नावही दुरुस्त झालं होतं, आता त्याला अकांथोपाकिलस म्हणत. तो ओकलेलं पाणी शरीराच्या कडेच्या खाचांमधून मागे वाहू देतो, वाटेत ग्रंथीचा स्राव त्यात मिसळतो, आणि पाहता पाहता अंगाला विषारी काठ लावल्यासारखा होतो. मुंग्या आणि वुल्फ स्पायडर या काठाला तोंड लावून मागे सरकतात. अर्धशतकापूर्वी फीझर-आर्दाओंनी ओळखलेले तेच तीन क्विनोन. औषध म्हणून जे फसलं, ते प्राण्यासाठी कशाला होतं याचं उत्तर त्याच शहरात मिळालं.

एव्हाना वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या जातींचे थेंब तपासले जाऊ लागले होते, आणि एक विचित्र चित्र समोर येत होतं. पिशवी सगळ्यांकडे. माल सारखा नाही.

लांब पायांच्या लिओबुनम या अमेरिकन हार्वेस्टमनमध्ये (सुरुवातीला म्हटलेले सह्याद्रीतल्यांचे भाऊबंद ते हेच) क्विनोनचा पत्ता नव्हता. तिथे साध्या साखळीचे, झटकन उडून जाणारे कीटोन सापडले. त्यातल्या एकाची गंमत अशी की तोच रेणू पानं कापणाऱ्या मुंग्यांमध्ये धोक्याची घंटा म्हणून वापरला जातो. दोन प्राणी, नात्याचा संबंध नाही, शब्द तोच. 1980 च्या दशकात कुठे फिनॉल निघाले, तर अमेरिकेतल्या एका थंड डोंगराळ भागातल्या जातीत अल्कलॉइडच्या घरातला एक रेणू आणि कापरासारख्या वासाच्या गटातली एस्टरं. शास्त्रज्ञांना यादी मिळत गेली, पण यादी म्हणजे इतिहास नव्हे. इतिहासासाठी कोण आधी आणि कोण नंतर हे कळावं लागतं.

ते कळायला दोन दिशांनी मदत झाली. एक दिशा ब्राझील. काम्पिनास विद्यापीठात अनिता मार्सायोली आणि साओ पाउलोत ग्लाउको माचादो यांच्या गटांनी प्राण्यांना खूण केलेले कार्बन अणू खाऊ घातले आणि ते स्रावात कुठे उतरतात ते पाहिलं. थोडक्यात, पाइपलाइनमध्ये लॉग लावले. 2013 मध्ये छापलेल्या कामात दिसलं की एका ब्राझिलियन जातीत बेंझोक्विनोन बनतो तो अॅसिटेट आणि प्रोपिओनेट या अगदी साध्या तुकड्यांना साखळीत ओवून. हे तुकडे प्रत्येक पेशीत पडलेले असतात. साखळी वळून कडं झालं, त्याला ऑक्सिजन लागला, की क्विनोन.

इथे माझ्या डोक्यात दिवा पेटला. फिनॉल आणि क्विनोन कागदावर वेगळ्या घराण्यातले दिसतात, पण कारखान्याच्या दृष्टीने त्यांच्यात एखाद-दोन पायऱ्यांचं अंतर आहे. शेवटची ऑक्सिडेशनची पायरी बंद पडली तर बाटलीत क्विनोनऐवजी फिनॉल भरलं जाईल. उत्क्रांतीला नवं शस्त्र शोधायला नवा कारखाना उभारावा लागत नाही, जुन्यातलं एक यंत्र बंद किंवा चालू केलं तरी भागतं. पाटी तीच, गल्ला तोच, माल बदलला. म्हणूनच एका कुळात शेजारच्या दोन जातींचे थेंब वेगळे निघू शकतात आणि दूरच्या दोन जातींचे सारखे. याच वर्षी काएतानो आणि माचादो यांनी स्रावातली रसायनं, प्राण्यांच्या सवयी आणि पिल्लांची काळजी कोण घेतं अशा गोष्टी एकत्र घेऊन गोनिलेप्टिडी कुळाचा कुळवृक्षही मांडून पाहिला. सरकारी दप्तरात जसं आडनाव, तसा इथे वास.

माल बदलायची गरज काय, याचं एक उत्तरही ब्राझीलमध्येच मिळतं. माचादोंच्या गटाने 2005 मध्ये बेंझोक्विनोनवाल्या एका जातीचा स्राव वेगवेगळ्या शत्रूंवर वापरून पाहिला. मुंग्या, कोळी, बेडूक मागे हटले. ओपॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी मात्र ते थेंब चाटून हार्वेस्टमन खाऊन टाकत होता. म्हणजे हे शस्त्र सगळ्यांवर चालत नाही. ज्याच्यावर चालत नाही त्याच्यासाठी दुसरं काहीतरी लागणार, आणि त्या 'दुसऱ्या'त पाय तोडून टाकून पळणं, मेल्याचं सोंग घेणं, काट्याचे पाय चावणं असं बरंच काही येतं. आणखी एक वापर 2002 मध्ये याच गटाला दिसला. गटाने राहणाऱ्या एका जातीच्या घोळक्याजवळ त्यांच्याच स्रावात भिजवलेला कापूस नेला, तर सगळे पांगले. पाण्यात भिजवलेला नेला, तर बहुतेक जागेवरच. एकाला पकडलं की त्याचा थेंब बाकीच्यांना 'पळा' असं सांगतो. शस्त्रातून शब्द निघाला.

दुसरी दिशा ऑस्ट्रियातलं ग्रात्स शहर. तिथे ग्युंथर रास्पोट्निग यांचा गट जवळजवळ एकट्याने जुन्या गटांच्या मागे लागला. जुन्या म्हणजे कोणत्या? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचा हार्वेस्टमन सापडला आहे, आणि तो आजच्या हार्वेस्टमनसारखाच दिसतो. खडकात श्वासनळ्यासुद्धा टिकल्या आहेत. गंधग्रंथी आज चारही उपगणांत आहे, म्हणजे ती त्यांच्या सामायिक पूर्वजाकडेही असणार. डायनोसॉर यायच्या खूप आधी, जमिनीवर जेमतेम गुडघाभर झाडं असताना. त्या पहिल्या पिशवीत काय होतं? वास दगडात टिकत नाही. त्यामुळे उलट दिशेने जावं लागतं. आज जिवंत असलेल्या, पण झाडाच्या बुंध्याजवळून फुटलेल्या फांद्या तपासायच्या.

सगळ्यात खालची फांदी म्हणजे सायफोफ्थॅल्मी. तेच, कुबडावर डोळेवाले. आणि ग्रात्सच्या जवळपासच्या जंगलात त्यांची जी जात सापडते ती नेमकी योझेफने 1868 मध्ये गुहेतून आणलेली. 2005 मध्ये रास्पोट्निग यांनी तिच्या त्या शंकूंतला, म्हणजे योझेफच्या डोळ्यांतला, थेंब यंत्रात घातला. त्यात लांब साखळीचे मिथिल कीटोन होते आणि नॅफ्थोक्विनोन होते, मेंदीच्या घरातले. त्यातल्या दोघांना क्लोरीन जोडलेला होता. प्राण्याने स्वतःच्या ग्रंथीत बनवलेला क्लोरीनवाला नॅफ्थोक्विनोन ही अगदी दुर्मीळ चीज. पुढे नॅफ्थोक्विनोन आणखी दोन उपगणांतही मिळाले. चारपैकी तीन शाखांत एकच घराणं भेटतं म्हटल्यावर, पहिल्या पिशवीत बहुधा यांच्यातलंच कुणीतरी होतं, असा अंदाज बांधता येतो. चौथ्या शाखेने, दक्षिण अमेरिकेत भरभराटलेल्या लानिआतोरेसने, पुढे बेंझोक्विनोन आणि फिनॉलचा स्वतःचा संसार मांडला. उरुग्वेचा प्राणी तिच्यातलाच. अंदाज आहे, उद्या एखादी जात तो उलटाही पाडेल.

मग डोळ्यांचं काय? 2014 मध्ये फ्रान्समधल्या मोंसो-ले-मिन इथे मिळालेल्या सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या एका हार्वेस्टमन जीवाश्माचे एक्स-रे काप काढले गेले. त्याला मधले दोन डोळे होतेच, आणि बाजूलाही दोन होते. 2024 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या प्रशांत शर्मा यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामात तर आजच्या, जिवंत, लिनेअसच्या त्या मेंढपाळ जातीतच बाहेरून न दिसणाऱ्या डोळ्यांच्या दोन जोड्यांचे अवशेष दाखवले गेले. एकोणिसाव्या शतकातल्या त्या लोकांना बाजूचे डोळे हवे होते. ते होते, फक्त त्यांनी ज्या भोकाला डोळा म्हटलं ते भोक वेगळं होतं.

योझेफने दिलेलं वंशाचं नाव मध्यंतरी मोडीत निघालं होतं. ती जात दुसऱ्या वंशात ढकलली गेली, आणि रास्पोट्निग यांनी 2005 मध्ये निबंध लिहिला तेव्हा तिला 'सायरो' म्हणत होते. नंतर वर्गीकरण पुन्हा तपासलं गेलं आणि जुनंच नाव परत लागू झालं. आता ग्रात्सच्या पालापाचोळ्यातल्या त्या आंधळ्या, दोन मिलिमीटरच्या प्राण्याचं अधिकृत नाव पुन्हा कुबडावर डोळे असलेला असंच आहे.